काडी न ओढता

दिवाळी अंकाचा विषय 'ठिणगी' ठरला आहे, असं संपादकांनी कळवलं तेव्हा मला पहिल्यांदा आठवली ती २९ ऑक्टोबर २०१६ ची सकाळ. नरकचतुर्दशीचा दिवस. आमच्या शहरात, औरंगपुऱ्यातल्या जिल्हा परिषदेच्या मैदानावर, फटाक्यांचा बाजार भरला होता आणि बघता बघता तो जळून गेला. शहागंजच्या चमनपाशी आम्ही माना वर करून धुराकडे बघत उभे होतो. पुढचे आठ दिवस चहाच्या टपरीवर एकच प्रश्न होता: ठिणगी पडली कुठून?

आग लागली की आपण हेच विचारतो. कुणी बिडी टाकली, कुठली वायर चिकटली, कुणाच्या पोराने काडी ओढली. आगीला कुणीतरी बोट लावलेलं असणारच, अशी आपली पक्की समजूत आहे. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत सुरक्षेचं काम बघणाऱ्या एका जुन्या स्नेह्याला मी अंकाचा विषय सांगितला, तर तो म्हणाला, "ठिणगीचा बंदोबस्त करता येतो रे. वेल्डिंगला परवाना लागतो, गेटवर काडेपेटी काढून घेतात, मोबाइलसुद्धा बाहेर ठेवायला लावतात. मला धास्ती असते ती नुसत्या तापलेल्या पाइपाची. तिथं ठिणगी लागतच नाही."

त्या वाक्याच्या मागे मी बरेच दिवस फिरलो. आधी एका प्रयोगशाळेच्या अंधाऱ्या खोलीत बसलो, मग कारखान्यात गेलो. पण खरी सुरुवात झाली ती आमच्या शहागंजातच, एका अत्तराच्या दुकानाच्या पायरीवर.

पायरीवरचा निखारा

निजामकाळातल्या घड्याळाच्या मनोऱ्यापासून सिटी चौकाकडे निघालं की फळांचे गाडे, खजूर, शेवया, टोप्या, चपला असं करत करत नाकाला आधी कळतं की अत्तराचं दुकान जवळ आलं. मी ज्या दुकानात जातो ते जेमतेम सहा फूट रुंद आहे. भिंतीवर काचेच्या बरण्यांची रांग: खस, गुलाब, मोगरा, हिना, मातीचं अत्तर. खाली, गल्ल्याच्या मागे, झाकण घट्ट लावलेला पत्र्याचा एक डबा. त्यात स्प्रेच्या बाटल्या भरायचं स्पिरिट असतं. आणि दुकानाबाहेर, दुसऱ्या पायरीवर, मातीच्या धुपाटण्यात कोळशाचे दोन निखारे. त्यावर चिमूटभर लोबान पडला की अर्धी गल्ली दरवळते.

धुपाटणं आत का ठेवत नाही, असं मी दुकानदार चाचांना विचारलं. गिऱ्हाईक तर आत बसतं.

"अब्बा मना करते थे," ते म्हणाले. "इत्र का कुछ नहीं, चंदन का तेल है वो. मगर स्पिरिट के सामने कोयला नक्को. उसमें आग दिखती नहीं, मगर रहती."

चाचांच्या बोलण्यातला हा बारकावा मला घरी गेल्यावर उमगला. धुपाटण्यातल्या कोळशाला ज्वाळा नव्हती. ठिणगीही उडत नव्हती. वरून राख धरलेला, वाऱ्याची झुळूक आली की आतून तांबूस दिसणारा तो नुसता एक तापलेला पृष्ठभाग होता. तरी स्पिरिटची वाफ त्याच्यापर्यंत पोचू द्यायची नाही, हा नियम त्या दुकानात दोन पिढ्या पाळला गेलाय. माझा सुरक्षा अधिकारी मित्र पाइपाबद्दल जे सांगत होता, ते हेच.

प्रत्येक ज्वलनशील द्रवाचं एक तापमान असतं. तेवढी उष्णता भोवती असली की त्या द्रवाची वाफ हवेत आपोआप पेटते. काडी नको, ज्योत नको, विजेची ठिणगी नको. पाठ्यपुस्तकात याला स्वयंप्रज्वलन तापमान म्हणतात. कारखान्यात कुणी एवढं लांबलचक बोलत नाही, तिथं सगळे 'ऑटो-इग्निशन' किंवा नुसतं 'एआयटी' म्हणतात.

कायद्याला एकच आकडा दिसतो

इथं एक गोंधळ आधी निस्तरायला हवा, कारण शिकलेली माणसंही त्यात अडकतात. द्रवाचे आकडे दोन आहेत. एक फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला द्रवावर एवढी वाफ जमते की ज्योत जवळ आणली तर ती भपकन पेट घेते. इथं ज्योत बाहेरून आणावी लागते. दुसरा हा एआयटी, जिथं काहीच आणावं लागत नाही.

पेट्रोलचा फ्लॅश पॉइंट शून्याखाली चाळीसच्या आसपास आहे. म्हणजे डिसेंबरच्या पहाटेही पेट्रोल पेटायला एका ठिणगीची वाट बघत असतं. शुद्ध अल्कोहोलचा १३ अंशांच्या जवळपास आहे. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चाचांच्या त्या डब्याचं झाकण उघडं राहिलं तर काय होईल, हे यावरून कळावं. डिझेलचा फ्लॅश पॉइंट आपल्या मानकाप्रमाणे निदान ३५ अंश असावा लागतो. सांडलेल्या डिझेलवर काडी टाकली तर ती बहुधा विझते, असं ट्रकवाले सांगतात ते यामुळेच.

आपला कायदा या पहिल्या आकड्यावर उभा आहे. १९३४ च्या पेट्रोलियम कायद्याने फ्लॅश पॉइंट २३ अंशांच्या खाली असलेले द्रव 'अ' वर्गात टाकले, २३ ते ६५ पर्यंतचे 'ब' वर्गात आणि ६५ ते ९३ चे 'क' वर्गात. किती लिटर साठवायला परवाना लागतो, हे या वर्गावरून ठरतं. परवाना देणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचं मुख्यालय आपल्या नागपुरात आहे. १८९८ साली स्फोटकांच्या देखरेखीसाठी जो सरकारी विभाग निघाला, त्याचंच हे आजचं रूप.

या वर्गवारीत पेट्रोल सर्वांत धोक्याचं आणि डिझेल त्यामानाने सभ्य ठरतं. साठवणुकीसाठी ते बरोबरच आहे. पण तापलेल्या पत्र्यावर सांडायची वेळ आली तर हा क्रम साफ उलटतो. माझा यावर विश्वास बसला नव्हता. म्हणून मी ते डोळ्यांनी बघायला गेलो.

अंधाऱ्या खोलीतले दोन थेंब

पुणे रस्त्यावरच्या एका खासगी प्रयोगशाळेने मला आत येऊ दिलं ते नाव न छापण्याच्या अटीवर. रसायनांच्या पिंपासोबत जो सुरक्षा माहितीचा कागद जातो, त्यात सोळा भाग असतात. नवव्या भागात द्रवाचे भौतिक गुणधर्म लिहिलेले असतात: उकळणबिंदू, घनता, फ्लॅश पॉइंट आणि एआयटी. तो आकडा काढून द्यायचं काम ही मंडळी करतात.

मला वाटलं होतं, मोठं यंत्र असेल, पडद्यावर आलेख येत असतील. खोलीत होती ती सोनाराच्या मुशीची भट्टी असते तशी एक उभी विजेची भट्टी. तिच्या पोटात अर्ध्या लिटरचा गोल बुडाचा, आखूड मानेचा काचेचा चंबू. चंबूला बाहेरून चकचकीत वर्ख गुंडाळलेला, उष्णता सगळीकडे सारखी राहावी म्हणून. तापमान मोजायच्या चार तारा: एक चंबूच्या माथ्यापाशी, एक कमरेपाशी, एक बुडाशी आणि चौथी आत हवेत लोंबती. वर, चंबूच्या तोंडावर, तिरका लावलेला एक साधा आरसा.

"आरसा कशाला?" मी विचारलं.

"वाकून बघितलंत तर भुवया जातील," चाचणी करणाऱ्या मॅडम म्हणाल्या. हे त्या हसून म्हणाल्या नाहीत.

गेली कित्येक वर्षं त्या हे काम करतात. चष्म्यावर दुसरा चष्मा, हातात जाड मोजे, समोर पारदर्शक पडदा. त्यांनी भट्टी २६० अंशांवर लावली आणि चारही तारांचे आकडे एकमेकांच्या जवळ येऊन स्थिरावेपर्यंत आम्ही चहा पिऊन आलो. मग दिवे बंद झाले. खिडकीला काळा कागद होताच. काही वेळ मला काहीच दिसेना. हळूहळू आरशात चंबूचं तोंड, एक राखाडी वर्तुळ, दिसू लागलं.

इंजेक्शनच्या सुईसारखी बारीक सुई, तिच्यात लिटरच्या दहा हजाराव्या भागाएवढं पेट्रोल. म्हणजे साधारण दोन थेंब. सुई आत, दट्ट्या दाबला, सुई बाहेर, आणि त्याच क्षणी दुसऱ्या हाताने स्टॉपवॉच. तापल्या काचेवर थेंब पडल्याचा 'चुर्र' असा बारीक आवाज आला. बस्स. आम्ही आरशाकडे बघत उभे. एक मिनिट गेलं, दोन गेली. अंधारात उभं राहिलं की मिनिट फार लांब होतं. दहा मिनिटांनी मॅडमनी घड्याळ थांबवलं आणि वहीत लिहिलं: प्रज्वलन नाही.

पेट्रोल पेटलं नव्हतं. २६० अंशांच्या भट्टीत दहा मिनिटं राहून पेट्रोल पेटलं नव्हतं.

मदतनीस पोराने गरम हवा फुंकून चंबूतली जुनी वाफ काढून टाकली. नवी सुई, दोन थेंब डिझेल. चुर्र. पुन्हा काळोख. मी मनात आकडे मोजत होतो आणि आता हेही दहा मिनिटं चालणार असं समजून पाय बदलत होतो, तेवढ्यात आरशातलं राखाडी वर्तुळ एकदम पिवळंजर्द झालं. चंबूच्या तोंडातून जिभेएवढी ज्वाळा वर आली आणि गेली. आतल्या तारेचा आकडा टणकन उडी मारून वर गेलेला दिसत होता.

कुणी काडी ओढली नव्हती. खोलीत ज्योत नव्हती, ठिणगी नव्हती. दोन थेंब डिझेल थोडा वेळ शांत राहिलं आणि मग आपलं आपण पेटलं.

तो मधला शांत वेळ हाच या सगळ्या प्रकाराचा जीव आहे, असं मॅडम म्हणाल्या. त्या वेळात चंबूत काहीच घडत नाही असं वाटतं, पण वाफ हवेतल्या प्राणवायूशी हळूहळू संयोग पावत असते. त्यातून थोडी उष्णता निघते. ती काचेतून बाहेर गेली तर प्रकरण तिथंच मिटतं. बाहेर जाण्याच्या वेगापेक्षा निघण्याचा वेग वाढला, तर वाफ आणखी तापते, तापली म्हणून संयोग आणखी भरभर होतो, त्यातून आणखी उष्णता. गॅसवर दूध ठेवून त्याच्याकडे बघत उभं राहावं, साय धरून ते अगदी निश्चल दिसावं आणि पाठ वळताच उतू जावं, तसं हे आहे. उतू जाताना दिसतं, पण ते तापत मघापासूनच असतं.

मग पायरी पायरीने खाली उतरायचं. आकडा जवळ आला की तीन-तीन अंशांनी. डिझेल जिथं पेटलं त्याच्या खाली, त्याच्याही खाली, जिथं दहा मिनिटांत पेटत नाही तिथपर्यंत. मग थेंबांचं प्रमाण बदलून पुन्हा सगळं पहिल्यापासून, कारण दोन थेंबांना जे जमत नाही ते कधी तीन थेंबांना जमतं, कधी एकाला. अशा सगळ्या खटाटोपात जे सर्वांत कमी तापमान हाती लागतं, ते वहीत एका चौकटीत लिहायचं. त्याच्या शेजारी किती वेळ लागला तेही, आणि त्या दिवशीचा हवेचा दाबही. एका द्रवाला एक दिवस पुरत नाही.

निघताना त्यांनी मला आणखी एक गोष्ट दाखवली. हेप्टेन नावाचा द्रव, त्याच्या पेटण्याच्या आकड्याच्या थोड्या खालच्या तापमानाला. बराच वेळ काही नाही. मग आरशात निळसर, इतकी फिकट काहीतरी चमक येऊन गेली की मला वाटलं डोळ्यांना भास झाला. तिला थंड ज्योत म्हणतात. वाफ धड पेटलेली नसते आणि धड शांतही नसते. १८१० च्या दशकात हम्फ्री डेव्ही यांना ती पहिल्यांदा दिसली. खाण कामगारांसाठी सुरक्षित दिवा करणारे तेच हे डेव्ही. दोनशे वर्षांनी, २०१२ मध्ये, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकात हेप्टेनचे थेंब जाळून बघत असताना ज्योत विझल्यावरही थेंब आटत राहिले, तेव्हा शास्त्रज्ञांच्या लक्षात आलं की तिथं हीच न दिसणारी ज्योत जळते आहे. पुणे रस्त्यावरच्या त्या खोलीत ती आरशात येऊन गेली आणि मॅडमनी शांतपणे वहीत एक खूण केली.

विहिरीवरचं इंजिन

पेट्रोलने नकार दिला आणि डिझेल पेटलं, हे असं उलटं का?

याचं उत्तर मराठवाड्यातल्या कुठल्याही साठी ओलांडलेल्या शेतकऱ्याच्या हातात आहे. गावात वीज नव्हती तेव्हा विहिरीवर डिझेल इंजिन असे. आमच्या मामांच्या मळ्यात किर्लोस्करांचं होतं. ती कंपनी पुण्याला १९४६ साली सुरू झाली आणि 'पाण्याचं इंजिन' म्हटलं की तिचंच नाव तोंडात यायचं. इंजिनाला प्लग नव्हता. ठिणगीची सोयच नव्हती. डोक्यावरची कळ उचलून धरायची, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. मग हँडल घालून जड चाकाला गरगर वेग द्यायचा, आणि वेग आला की कळ सोडायची. आत कोंडलेली हवा एकदम पंधरा-वीस पटीने दाबली जाते, दाबल्याने पाचशे अंशांच्या वर तापते, त्यात डिझेलचा फवारा उडतो आणि तो आपोआप पेटतो. धक, धक, धक. धुराड्यातून काळा लोळ आणि पन्हाळीत पाणी.

थंडीच्या दिवसांत मामा तीन-तीनदा हँडल मारून थकायचे. लोखंड गार असलं की तापलेल्या हवेतली उष्णता ते ओढून घेतं आणि डिझेलला हवी तेवढी ऊब मिळत नाही. चंबूच्या काचेबद्दल मॅडम जे सांगत होत्या, ते मामा त्यांच्या भाषेत रोज म्हणायचे: "अजून अंग गार हाय त्याचं."

डिझेलच्या रेणूंच्या लांब, सरळ साखळ्या असतात. उष्णतेत त्या लवकर तुटतात आणि प्राणवायूला चटकन धरतात. पेट्रोलमध्ये फांद्या फुटलेले आणि कडी घातलेले रेणू जास्त, ते तग धरतात. पेट्रोलच्या इंजिनात हेच हवं असतं, कारण तिथं प्लगने ठिणगी टाकायच्या आधीच वाफ पेटली तर इंजिन खडखडतं. पंपावर जो ऑक्टेनचा आकडा लिहितात तो आपोआप न पेटण्याच्या चिवटपणाचा, आणि डिझेलचा सिटेन आकडा आपोआप पेटण्याच्या तयारीचा. आजच्या बीएस-६ डिझेलला तो निदान ५१ लागतो. म्हणजे डिझेल चांगलं म्हणायचं ते ठिणगीविना पेटण्यात पटाईत असेल तर.

हे डोक्यात ठेवून शहागंजच्या पुढच्या एका गॅरेजात मी एका मिस्त्रींना टर्बो दाखवायला सांगितला. घाट चढून आलेल्या ट्रकचा टर्बो अंधारात लाल दिसतो, असं ते म्हणाले. म्हणजे पाचशे अंशांहून वर. त्याच्या वितभर अंतरावरून डिझेलची रबरी नळी गेलेली होती, क्लिपने आवळलेली. "ही क्लिप सैल झाली तर गाडी गेली. लोक म्हणतात शॉर्टसर्किट झालं," मिस्त्री म्हणाले आणि पान्याने ती क्लिप पुन्हा आवळली, जरी ती आवळलेलीच होती.

आकडा द्रवाचा की चंबूचा

प्रयोगशाळेतून आल्यावर मी तक्ते चाळायला बसलो आणि चक्रावलो. अल्कोहोलचा एआयटी एका तक्त्यात ३६३, दुसऱ्यात ४००. टोल्युइन एकीकडे ४८०, दुसरीकडे ५३५. हा छपाईचा घोळ असावा म्हणून मॅडमना फोन केला.

"कुठलाही चुकीचा नाही," त्या म्हणाल्या. "चंबू कोणता, ते विचारा."

अमेरिकी पद्धतीत अर्ध्या लिटरचा गोल चंबू असतो, तर युरोपात रूढ असलेल्या पद्धतीत २०० मिलिलिटरचा शंकूच्या आकाराचा. चंबू लहान असला की वाफेच्या मानाने काच जास्त, उष्णता बाहेर जायला वाटा जास्त, म्हणून पेटायला अधिक तापमान लागतं. चंबू मोठा केला तर आकडा खाली येतो. दाब वाढवला तरी खाली येतो. किती वेळ वाट बघायची, पेटलं कशाला म्हणायचं, यावरही तो हलतो.

मला हे ऐकून अस्वस्थ वाटलं, अजूनही वाटतं. पिंपाच्या कागदावर २१० लिहिलेलं असतं तेव्हा वाचणारा समजतो की २०५ पर्यंत आपण निर्धास्त. पण तो आकडा अर्ध्या लिटरच्या, स्वच्छ, काचेच्या चंबूचा आहे. कारखान्यातली टाकी दहा हजार लिटरची असते. लोखंडाची असते. तिच्यात गंज असतो.

याची दुसरी बाजूही खरी आहे आणि ती सांगितली नाही तर लेख एकांगी होईल. उघड्यावरच्या तापलेल्या पाइपावर द्रव सांडला तर वाफ तिथं थांबत नाही, वर निघून जाते, वारा तिला पांगवतो. म्हणून उघड्यावर पेटण्यासाठी एआयटीपेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या मार्गदर्शिकेत हा फरक सुमारे १८० अंशांचा धरला आहे. म्हणजे उघड्यावर तो आकडा फार सावध ठरतो आणि कोंडलेल्या जागी कधी कधी पुरेसा सावध ठरत नाही.

मोटारीवरची पट्टी

चिकलठाण्यात मित्राने मला एका औषध कारखान्यात नेलं. सॉल्व्हंटच्या विभागात शिरण्याआधी बूट बदलले, मोबाइल पेटीत ठेवला. आत पंपांची रांग, प्रत्येकाला निळ्या रंगाची जाडजूड मोटार. मित्राने फडक्याने एका मोटारीवरची पितळी पट्टी पुसली आणि शेवटच्या अक्षरावर बोट ठेवलं: टी-४.

"मॅडमच्या दोन थेंबांचं पुढं काय होतं, ते इथं बघ."

हा मोटारीचा तापमान-वर्ग. या वर्गांत मोटारीचा बाहेरचा पृष्ठभाग जास्तीत जास्त किती तापू शकतो ते बांधून दिलेलं असतं. टी-१ ला ४५० अंशांपर्यंत मुभा, टी-२ ला ३००, टी-३ ला २००, टी-४ ला १३५, टी-५ ला १०० आणि टी-६ ला ८५. ज्या विभागात ईथर वापरतात तिथं टी-३ चालत नाही, कारण ईथर १६० ते १८० च्या दरम्यान आपोआप पेटतं. कार्बन डायसल्फाइडला तर टी-६ च लागतं. ते ९० अंशांच्या आसपास पेटतं. चहाचं आधण उकळतं त्याहून कमी! कल्याणजवळ शहाडला जे रेयॉन तयार होतं त्याला हेच रसायन लागतं. तिथं वाफेच्या साध्या पाइपालाही विस्तवासारखं वागवावं लागतं.

बाहेर आल्यावर मित्राने त्याला ज्याची धास्ती वाटते तो पाइप मला दाखवला. बॉयलरसारख्या एका हीटरमधून गरम तेल सगळ्या कारखान्यात फिरतं, अडीचशे-तीनशे अंशांचं. त्याला इथं थर्मिक फ्लुइड म्हणतात. पाइपाला काचलोकरीचं जाड आवरण, वरून ॲल्युमिनियमचा पत्रा. एका जोडापाशी पत्र्यावर तळहाताएवढा काळपट डाग होता. मित्र तिथंच थबकला.

जोड थेंबथेंब पाझरतो. तेल लोकरीत मुरतं. लोकरीचा धागा न् धागा तेलाने माखला की हवेला लागणारा तेलाचा पृष्ठभाग हजार पटींनी वाढतो, आणि लोकर म्हणजेच उष्णता बाहेर जाऊ न देणारी वस्तू. तेल आतल्या आत तापत जातं. असं तेल कागदावरच्या एआयटीच्या पुष्कळ खाली, दिवस-दोन दिवसांनी, आतून धुमसायला लागतं. कुणीतरी दुरुस्तीसाठी पत्रा उचलतं, आत हवा शिरते आणि भडका उडतो. जवसाच्या तेलाने भिजलेली फडकी रंगाऱ्याने गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती साध्या हवेतही अशीच पेटू शकतात. त्या बाबतीत तर भट्टीही लागत नाही.

मित्राने वॉकीटॉकीवर कुणाला तरी बोलावलं आणि येणारा माणूस दिसेपर्यंत तो त्या जोडापासून हलला नाही.

कढई

शहरातल्या आगींत हे रोज कुठं होतं, तर स्वयंपाकघरात. रमजानच्या रात्री शहागंजात तळणाच्या कढयांची रांग लागते. तेल आधी चमकतं, मग दोनशे अंशांच्या पुढे धुरायला लागतं. साडेतीनशे-चारशेच्या आसपास पोचलं तर कढईतलं सगळं तेल वरून एकदम पेटतं, मग ते इंडक्शनच्या शेगडीवर का असेना. घाबरून पाणी ओतलं की पाणी बुडाशी जाऊन क्षणात वाफ होतं आणि पेटतं तेल छतापर्यंत उडवतं. शेगडी बंद करावी, झाकण सरकवत कढईवर ठेवावं आणि तेल थंड होईपर्यंत ते उचलू नये. झाकण लगेच उघडून बघितलं तर तापलेलं तेल हवा मिळताच पुन्हा पेटतं, तेही काडी न ओढता. एका तळणवाल्याने मला त्याचं झाकण दाखवलं. परातीएवढं, मुठीला कापड गुंडाळलेलं, कढईच्या उजव्या हाताला कायम टेकवून ठेवलेलं. ते तिथून कुणी हलवलं तर तो ओरडतो.

पुन्हा पायरीवर

लेख संपत आला तेव्हा मी चाचांकडे गेलो. मगरीबची अजान नुकतीच होऊन गेली होती, घड्याळाच्या मनोऱ्यावरचे दिवे लागले होते. मी त्यांना चंबूची, आरशाची आणि दोन थेंबांची गोष्ट सांगितली. स्पिरिटचा आकडा ३६३ की ४०० यावर पंडितांचं एकमत नाही, हेही सांगितलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"और कोयला कित्ता?"

"सहाशेच्या पुढं."

त्यांनी मान डोलावली. मग एका नव्या स्प्रेची बाटली काढून माझ्या मनगटावर एक फवारा मारला. मी वास घ्यायला हात नाकाकडे नेला आणि उठून पायरीकडे वळलो, तर त्यांनी माझं कोपर धरलं.

"सूखने दो पहले."

मी आतच उभा राहिलो. मनगट गार पडत होतं, स्पिरिट उडून जात होतं, मागे नुसता मोगरा उरत होता. चाचा माझ्या हाताकडे बघत होते. मनगट कोरडं झालं तसं त्यांनी कोपर सोडलं, बाहेर जाऊन धुपाटण्यासमोर बसले आणि राखेखालच्या निखाऱ्यावर चिमूटभर लोबान टाकला.